अक्काची सुई राहिली

माझी शाळा चौथीतच सुटली. त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही ओळ सोडून खाली उतरेल, त्याबद्दल वाचणाऱ्यानं माफ करावं. कुणी वाचेल की नाही तेही मला ठाऊक नाही. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी पेपरच्या पुरवणीत लिहून येतं, ते मी नेहमी वाचते. फुटाण्याच्या पुडीचा कागद असला तरी उलगडून वाचते. त्यात गेलेल्या माणसाची मोठी मोठी कामं असतात. माझ्या थोरल्या जावेनं तसलं काही केलेलं नाही. पण तिच्यासाठी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा सगळे दोन दोन शब्द बोलले, आणि माझी पाळी आल्यावर मी मान खाली घालून बसून राहिले. लोकांना वाटलं, हिला दुःखानं बोलवेना. दुःख होतंच... पण नुसतं दुःख नव्हतं.

ती गेल्याचा फोन सकाळी आला. मी ओट्यावर भांडी घासत होते. पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिच्यापाशी आम्ही नवरा-बायको आलटून पालटून राहत होतो, आणि आदल्या दिवशीच मी म्हशीच्या धारेसाठी म्हणून घरी आले होते. फोनवर हे एवढंच म्हणाले, "अक्का गेली. घर झाडून ठेव." मी घर झाडलं. अंगणही झाडलं. मग तिच्या खोलीच्या दाराशी आले आणि झाडू हातातच राहिला, कारण ती खोली आधीच झाडलेली होती. दवाखान्यात जायला निघण्याआधी, जबडा धरलेला असताना, तिनं ती स्वतः झाडून ठेवली होती.

तिचं नाव शेवंता. मी तिला अक्का म्हणायची. तोंडावर अहो-जाहो करायची, पण आता लिहिताना एकेरीच येतंय, ते येऊ दे. आमचं गाव शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या पलीकडं, भीमेच्या काठाला. पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. माझं माहेर पाटसचं. मी लग्न होऊन आले तेव्हा थोरले दीर वारलेले होते आणि अक्का तरणी असूनही घरातली मोठी बाई झाली होती. तिला मूल झालं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "ह्या घरात दोन गोष्टी ध्यानात ठेव. म्हस लाथ मारती, आन् तुझा नवरा उपाशी असला की बोलत न्हाई. बाकी समदं माझ्याकडं." तिचं तसंच होतं. बाकी सगळं खरोखरच तिच्याकडं असायचं.

रेश्माच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा अक्काच मला सुईला घेऊन गेली. तेव्हा गावात सिस्टर महिन्यातून एकदा यायच्या आणि शाळेच्या ओसरीवर बसायच्या. पोटुशा बायकांना धनुर्वाताची सुई, लेकरांना त्यांचे डोस. मला सुईची भयंकर भीती. मी वाटेत दोनदा परत फिरले, तर अक्कानं माझा पदर धरला. म्हणाली, "माझ्या आईची दोन लेकरं आठवडा भरायच्या आत गेली. आकडी यायची, तोंड मिटायचं, दूध वढायची न्हाईत. मी लहान व्हते पर मला दिसतंय अजून. ही सुई आईनं घेतली की लेकराला लागू पडती. तवा तू गप चल." तिला हा रोग असा माहीत होता. लहानपणी डोळ्यांनी बघितलेला. पण तो तान्ह्या लेकरांचा रोग, असंच तिच्या मनात बसलं होतं, आणि तिच्या नादानं माझ्याही. मोठ्या बाईला, दोन पायांवर चालत्या बाईला तो धरील, हे आमच्यात कुणाच्या मनातच आलं नाही.

त्या दिवशी ओसरीवर रांग होती. मी दंड पुढं केला, डोळे मिटले, अक्कानं माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. सुई झाली. सिस्टरनी वर अक्काकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पण घेऊन टाका बाई. शेणामातीत, खुरप्या-कोयत्यात असता." आपल्याला कुणी असं म्हणेल हे अक्काला खरं वाटलं नसावं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि चोळीची बाही वर सारायला लागली. तिच्या दंडावर देवी टोचल्याची गोल खूण होती. देवीवाला गावात आला की पोरं ज्वारीत लपायची आणि तिला तिच्या आईनं कणसांतून ओढून काढलं होतं, हे ती हसून सांगायची. लहानपणची तेवढीच तिची टोचणी. तिनं बाही वर केली, आणि मागून कौसाबाईचा आवाज आला, "शेवंते, आगं बारसं कवा हाय? आमाला घुगऱ्या तरी खाऊ घाल." रांगेतल्या बायका हसल्या. कौसाबाई तशी वाईट बाई नाही, जिभेला हाड नसलेली. पण अक्काचा हात तिथंच थांबला. तिची मान लाल झालेली मी बघितली, आणि मला ते सोसवलं नाही. मी घाईनं म्हणाले, "नगं सिस्टर, त्या नुसत्या माझ्या सोबत आल्यात."

अक्कानं बाही खाली केली.

मला वाटलं, मी तिची अब्रू झाकली. परतताना तीही तसंच काहीसं बोलली, "बरं केलंस, वेळेला बोललीस." पुढं कितीतरी वर्षं मी ती गोष्ट माझ्या चांगुलपणात मोजत होते. आमच्याकडं असंच होतं. सुई पोरांची आणि पोटुशीची. ज्या बाईला मूल नाही तिला त्या रांगेत बोलवणं म्हणजे तिच्या जखमेवर बोट ठेवणं. तिला दुखू नये म्हणून सगळे तिला वगळायचे, आणि मायेनं वगळायचे. मी सगळ्यांत जास्त मायेनं.

पण अक्का रांगेपासून लांब राहिली नाही. तिनं तिथं आपली दुसरीच जागा केली. रेश्माच्या पहिल्या डोसाला मला लेकराचं रडणं बघवेना, तर अक्कानं तिला मांडीवर घेतलं, गुडघ्यांत पाय धरले, गाल डोक्याला लावला, आणि सुई गेली तेव्हा तिला म्हणाली, "रड, माझ्या नावानं रड. आईवर राग धरू नगं." दुसरी एक बाई तिथंच उभी होती, ती म्हणाली, "अक्का, माझा बी धरा की." तेव्हापासून ते तिचं काम झालं. सुईच्या दिवशी ती सकाळीच जेवण उरकून जायची. पुढं ओसरी जाऊन अंगणवाडी झाली, सिस्टर बदलल्या, आशाताई आल्या, डोस वाढले, पण उंबऱ्याला पाठ लावून बसलेली अक्का तीच. अख्ख्या वस्तीची लेकरं तिच्या मांडीवर रडली. म्हणून ती तिला बघून पळायची. रस्त्यानं अक्का आली की रांगतं पोरगंसुद्धा आईच्या पदरात तोंड खुपसायचं. अक्का म्हणायची, "बघा, गावात फौजदारापेक्षा माझा वचक जास्त हाय." आया हसायच्या. पण मी एकदा तिला विचारलं, की अक्का, लेकरं तुम्हाला भितात याचं वाईट वाटत नाही का? ती तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "कुणावर तरी रुसायला पायजेच त्यांना. आईवर रुसण्यापरीस मी बरी."

पोरं मोठी झाली की भीती जायची. शाळेत पाचवीला आणि पुन्हा दहावीला धनुर्वाताचं इंजेक्शन असतं, त्या दिवशी मोठाल्या पोरी तिला बोलवायला यायच्या, "आजी, नुस्तं शेजारी उभं ऱ्हा." ती चप्पल घालून निघायची. कुणाचा गोवरचा डोस राहिला, कुणाची सून यवतला माहेरी गेली म्हणून लेकराचा डोस चुकला, हे आशाताईंच्या आधी अक्काला कळायचं. रेश्मा लग्न करून यवतला गेली, तिला दिवस गेले, तर अक्का एसटीनं यवतला गेली आणि तिला दवाखान्यात नेऊन, तिला सुई द्यायला लावून, मगच तिच्या हातचा चहा प्याली. आणि इतकं सगळं करणाऱ्या बाईला, तुमची स्वतःची कधी झाली, असं मी विचारलं नाही. एका चुलीवर जेवत होतो आम्ही.

कोरोनाच्या वर्षी मात्र तिची पाळी आली. आरोग्य केंद्रात आधी वयस्कर माणसांना बोलवत होते. गावात लोक लपत होते, कुणी म्हणे ताप येतो, कुणी म्हणे माणूस मरतं. अक्का ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि केसांना तेल लावून तयार. हे म्हणाले, "अक्का, लग्नाला निघालीस का?" ती म्हणाली, "आज रांग समद्यांची हाय. बाई-बापय, लेकुरवाळी-बिनलेकुरवाळी. आज मला कोन इचारनार न्हाई, तू कशाला आलीस म्हनून." ती हे हसत बोलली, यांच्याकडं बघून. माझ्याकडं बघितलं नाही. पण मला कळलं की ओसरीवरचा तो दिवस ती विसरलेली नव्हती.

सुई टोचल्यावर तिला अर्धा तास बसवलं होतं. मी शेजारी होते. तिनं तिथल्या सिस्टरला विचारलं, "बाई, मोठ्या मान्सांच्या आनिक कुठल्या सुया असत्यात का? माझ्या ऱ्हायल्या असतील तर आत्ताच द्या, बाही वरच हाय." सिस्टर म्हणाल्या, "असतात की. धनुर्वाताची दर दहा वर्षांनी घ्यायची असते. वय झाल्यावर फ्लूची, निमोनियाची पण घेतात. आज नाही जमायचं आजी, गर्दी आहे. अंगणवाडीच्या दिवशी घ्या, तुम्ही तिथं असताच ना." अक्कानं मान डोलावली. घरी येताना मला म्हणाली, "मंगल, पुढल्या टायमाला ध्यान कर गं मला. मी लेकरं धरायच्या नादात इसरती." मी हो म्हणाले. पुढच्या खेपेला आमचा कांदा काढायला आला होता. त्याच्या पुढच्या खेपेला मी पाटसला होते. मग... मग मीही विसरले. ती दर महिन्याला जात होती, त्या सुयांच्या डब्यापासून हातभर अंतरावर बसत होती, आणि स्वतःहून बाही वर करायला तिला जमलं नाही. एकदा खाली केलेली बाही परत वर करायला कुणीतरी म्हणावं लागतं. ते मी म्हणायला हवं होतं.

यंदा ऊस तोडून गेल्यावर ती वाळलेलं पाचट गोळा करत होती. तोडलेल्या उसाचं टोकदार बुडूक चपलेतून तळपायात घुसलं. लंगडत आली, मीच पाणी घातलं, मीच हळद-चुना भरला आणि चिंधी बांधली. ती म्हणाली, "सिस्टरला दावू का गं? जरा खोल गेलंय." मी चुलीपुढं होते. म्हणाले, "एवढ्याशा टोचण्याला कुठं दवाखाना अक्का? उसात राबणाऱ्या बाईनं बुडूक लागलं म्हणून रडायचं का?" मी हसत म्हणाले. तीही हसली. "व्हय, लोक म्हंतील समद्या गावाला सुया टोचाय लावल्या आन् आता हिला बी सवय लागली." जखम भरूनही आली. आम्ही विसरलो.

मग एक दिवस जेवताना तिला भाकरी तोडता येईना. दाढ दुखत असेल म्हणून मी मिठाच्या गुळण्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ती भाकरी चहात भिजवून खायला लागली, तोंड बोटभर उघडायचं. मान अवघडली म्हणाली, मी तेल चोळलं. ज्या बाईनं लहानपणी दोन भावंडांचं तोंड असंच मिटलेलं बघितलं होतं, तिला तेव्हा काही कळलं का? मी पुष्कळदा विचार करते. कळलं असेल तर ती बोलली नाही. फक्त सकाळी उठून खोली झाडली, भांडी पालथी घातली आणि म्हणाली, "दौंडला जाऊन येऊ."

दौंडच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं आणि तिला ते उघडता आलं नाही, तसे ते उठूनच उभे राहिले. पायाला काही लागलं होतं का, एवढंच विचारलं आणि गाडी करून पुण्याला धाडलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या कागद भरता भरता मला म्हणाल्या, "मावशी, यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं?" मग त्याच म्हणाल्या, "बाळंतपणात तर घेतलंच असेल ना?" मी म्हणाले, बाळंतपण झालंच नाही. "मग शेतात लागल्यावर वगैरे?" नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कधीच नाही?" त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सांगितलं की हा रोग मातीतून, शेणातून बारक्या जखमेतून शिरतो, वय बघत नाही, आणि लहानपणी घेतलेली सुईसुद्धा जन्मभर पुरत नाही, मोठेपणी परत घ्यावी लागते. साधी सुई असते मावशी, म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मला ते सगळं ठाऊक होतं. अक्काच्या शेजारी बसूनच मी ते ऐकलं होतं.

तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. उजेड नको, आवाज नको. कुणी दार आपटलं तरी तिचं अंग धनुष्यासारखं ताणायचं. मी पहिल्यांदा आत गेले आणि तिच्या कपाळावर हात ठेवायला वाकले, तशा माझ्या काचेच्या बांगड्या एकमेकींवर वाजल्या. तेवढ्या आवाजानं ती उचलली गेली, टाचा आणि डोकं तेवढं खाटेला टेकलेलं. मी बाहेर आले आणि एक एक करून बांगड्या काढल्या, पिशवीत घातल्या. बाहेर बसलेली एक बाई म्हणाली, "अहो, मालक हायेत न्हवं? मोकळे हात करू नका." मी ऐकलं नाही. त्यानंतर मी तिच्यापाशी नुसती बसायची, न बोलता, श्वास जपून. ज्या बाईनं रडतं लेकरू कवटाळून धरलं, तिला कुणी धरूही शकत नव्हतं. शेवटी शेवटी तिला श्वासाच्या नळीवर ठेवलं होतं, तेव्हा ती डोळ्यांनीसुद्धा बोलत नव्हती.

विहारात तिच्या कार्यक्रमाला गर्दी झाली. पोलिसात लागलेला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मी आयुष्यात दोनच माणसांना भ्यालो, एक आमचे साहेब आन् दुसरी शेवंताआजी." लोक हसले आणि मग डोळे पुसले. सगळे तिच्या पुण्याईचं बोलले. ती कशानं गेली हे कुणी बोललं नाही. "नशिबात होतं," असं म्हणाले. मला उठून म्हणायचं होतं की नशिबात नव्हतं. पण चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, आणि त्या दिवशी तो फुटू नये हेच मला बरं वाटलं. लोक मला म्हणत होते, "जावेची किती सेवा केलीस." मी ते ऐकून घेतलं.

मागच्या महिन्यात रेश्मा तिच्या मुलीला घेऊन माहेरपणाला आली होती आणि नेमका अंगणवाडीचा दिवस आला. आम्ही गेलो. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, तरी उंबऱ्यालगतची जागा रिकामी होती. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सिस्टर नव्या होत्या, दोन-तीन महिन्यांपूर्वीच आलेल्या. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "त्या लेकरं धरणाऱ्या आजी आज आल्या नाहीत का?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी सांगितलं, त्या वारल्या. "अगं बाई, कशानं?" मी म्हणाले, धनुर्वातानं. सिस्टरचा हात डब्यावरच राहिला. "त्यांनी घेतली नव्हती?"

तेव्हा मी बोलले. कशी बोलले मला माहीत नाही. म्हणाले, "त्यांना कुणी इचारलंच न्हाई. एकदा एका सिस्टरनी इचारलं व्हतं, त्यांनी हात पुढं बी केला व्हता. तो मीच मागं घ्यायला लावला. परत त्यांनी मला ध्यान करायला सांगितलं, ते मी केलं न्हाई. पाय टोचला तवा दावू का म्हणाल्या, तवा मी हसले." कौसाबाई नातवाला घेऊन भिंतीशी बसली होती, आता म्हातारी झाली आहे. तिला तो दिवस आठवला की नाही मी सांगू शकत नाही. ती नातवाला सुनेकडं देऊन पुढं सरकली आणि बाही सारत म्हणाली, "माझी बी ऱ्हायलीय. धाकट्याच्या वक्ताला घेतली व्हती, त्यो आता चाळिशीला आला. द्या."

मग एकेक बाई विचारायला लागली, माझी कधीची, माझ्या सासूची चालेल का, घरच्या गड्यांना पण देतात का. सिस्टर म्हणाल्या, सगळ्यांना देतात, पण आज एवढ्या पुरायच्या नाहीत, पुढच्या खेपेला जास्त आणते. दोघी-तिघींचंच झालं. काही जणी पुढच्या वेळी येतील, काही येणार नाहीत, ते मला ठाऊक आहे. रेश्माच्या मुलीला मी मांडीवर घेतलं. मला अक्कासारखं काही बोलता आलं नाही, नुसतं घट्ट धरलं. मग मी माझाही हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी खुरपताना दंड ठणकत होता. रेश्मा म्हणाली, "आई, ओल्या फडक्यानं शेक की." मी शेकला नाही. दुखेल तेवढा दुखू दे, असं वाटत होतं, जरा जास्त दुखला तरी चालेल. खुरपं उचललं की कळ यायची आणि मला बरं वाटायचं. पण त्याच्या पुढच्या सकाळी भाकरी थापताना ध्यानात आलं की हात आपोआप चालतोय. मी दंड दाबून बघितला. काहीच नव्हतं.

एवढंसंच होतं ते दुखणं.